तीन नंबर लाइनची हजेरी

"मॅडम, आठ दिसांची रजा पायजे हुती," एवढं बोलून ती दाराशीच थांबली.

रजेचा अर्ज तिच्याआधीच माझ्या टेबलावर येऊन पडला होता. तीन नंबर लाइनची लीडर शमशाद मुल्लाणी हिनं तो लिहून दिला होता: मालन दत्तू ऐवळे, कार्ड नंबर तीनशे अठरा. मी म्हणाले, "ये मालन, बस." ती जागची हलेना, नुसती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा बस म्हटल्यावर खुर्चीच्या अगदी कडेला टेकली आणि गळ्यात उतरवलेला मास्क बोटांनी चाचपत बसली.

मार्चची सात-आठ तारीख असेल. कुपवाडच्या एमआयडीसीत मार्च लागला की पत्रे तापू लागतात. माझ्या केबिनला पंखा होता, पण तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करायचा. आमचा कारखाना सलाईनचे सेट जोडण्याचा. साडेपाचशे माणसं, त्यांतल्या चारशे बाया. एवढी माणसं असली की कायद्यानं एक कल्याण अधिकारी नेमावा लागतो, ती मी, लाटकर मॅडम. घरी सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळलेल्या, इकडे चारशे बायांचं कल्याण, आणि मी सकाळी उठतानाच दमलेली असे. ही सबब नव्हे. पुढं जे झालं त्याला एवढी सबब पुरणारही नाही.

"कशासाठी हवीय रजा?" मी विचारलं.

"दम लागतुया. चार पावलं चाललं तरी थांबावं लागतंय. रातचं आडवं पडता येत न्हाई. पाय सुजत्यात."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. चांगली धडधाकट बाई. दंड भरलेले, चेहरा उन्हानं रापलेला, श्वास अगदी संथ. पाय तर काटकुळेच म्हणावे असे सुके. दहा वर्षं रजेचे अर्ज वाचून माझी एक खात्री झाली होती की खरं आजारी माणूस आजाराची यादी देत नाही. मी म्हणाले, "सूज कुठं आहे? मला तर तू ठणठणीत दिसतेस." तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि ते खुर्चीखाली ओढून घेतले.

मग मी नेहमीचं सुरू केलं. मी कुणाला रजा नाकारत नसे. नाकारायची वेळच येऊ देत नसे. मी समजावत असे. रजा हा तुझा हक्क आहे, मालन, मी कोण नाही म्हणणारी. फक्त लाइनमधल्या बाकीच्या सतराजणींचा विचार कर. जानेवारीपासून तुमच्या लाइनची एकही गैरहजेरी नाही. एकतीस मार्चला तीन महिने पुरे होतात. पंधरा-वीस दिवस कळ काढ, मग एप्रिलमध्ये आठ काय, दहा दिवस जा. ती सगळं ऐकून घेत होती. मध्येच एकदा तिनं विचारलं, "म्हंजी मी येतच ऱ्हाऊ?"

"येत राहा. मी आहे ना," मी म्हणाले.

प्रथमोपचाराच्या कपाटातून मी तिला लोहाच्या गोळ्यांची पट्टी काढून दिली. बायकांच्या सगळ्या दुखण्यांवर आमच्याकडे तेवढं एकच औषध होतं. रोज एक घे म्हटलं. तिनं ती प्रसादासारखी दोन्ही हातांत घेतली, दाराशी गेली, वळली आणि हात जोडले. डोळे भरून आले होते तिचे. माणसाला समजावता आलं पाहिजे, असं मी मनाशी म्हटलं आणि तिच्या अर्जावर 'चर्चेनंतर मागे घेतला' असा शेरा मारला.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता मी निवृत्त आहे. जयसिंगपूर-इचलकरंजीकडचे नव्या दमाचे कारखानदार अजून अधूनमधून बोलावतात. माणसं कशी सांभाळावीत, टिकवावीत, यावर दोन शब्द सांगा म्हणतात. चहा होतो, शाल होते, आणि पहिला प्रश्न ठरलेला: हजेरी कशी वाढवायची? मी सांगते, ते वहीत उतरवून घेतात. ही गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही. जिच्यासाठी गप्प बसायचं होतं ती बाई गेल्या दिवाळीत गेली, म्हणून आज लिहायला बसले.

हजेरीची योजना माझीच होती. पुण्याच्या एका शिबिरात ऐकलं होतं की एकेकट्या माणसाला बक्षीस देऊन भागत नाही, बक्षीस गटाला द्यावं, म्हणजे गटच एकेकाला ओढून आणतो. मी ते आमच्या पद्धतीनं बसवलं. ज्या लाइनमध्ये तीन महिने एकही खाडा नाही, त्या लाइनला कंपनीच्या बसनं गणपतीपुळ्याची सहल. चारशे बायांपैकी समुद्र पाहिलेल्या पंधरा-वीस निघाल्या असत्या. कँटीनमध्ये मोठा तक्ता लावला. हजर दिवसाला हिरवी टिकली, खाड्याला लाल. वर्षभरात हजेरी ब्याऐंशी टक्क्यांवरून सत्त्याण्णववर गेली. आमचे मालक उपाध्ये साहेब बाहेरच्या पाहुण्यांना आधी तक्ता दाखवायचे आणि मग यंत्रं.

पहिल्या खेपेला एक नंबर लाइनच्या सुशीला माळगेचं पोर तापानं फणफणलं आणि अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी तिनं खाडा केला. दुसऱ्या दिवसापासून लाइनमधली एकही बाई तिच्याशेजारी डबा उघडेना. कुणी भांडलं नाही, टाकून बोललं नाही, नुसती तिच्या बाजूची जागा रिकामी सोडली. दीड महिन्यानं तिनं राजीनामा दिला. 'वैयक्तिक कारण' असं मी लिहून घेतलं आणि फाइल बंद केली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण उंटावर बसलेल्याला आपण उंटावर आहोत हे कळतंच असं नाही.

मालनला समजावल्यानंतरचे दिवस मात्र फार गोड गेले. तीन नंबरच्या बाया एकाएकी माझ्यावर माया करू लागल्या. कुणी शेंगदाण्याची चटणी आणून दिली, कुणी तासगावचा बेदाणा. जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये शिरले की अख्खी लाइन उठून सरकून जागा द्यायची. एकीनं सासूबाईंच्या पाठीला लावायला तेल करून आणलं. शमशाद एरवी हिशोबी, कुणाला सहज मान न देणारी, पण तीही एकदा जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, तुमच्यासारखं मानूस न्हाई बघा." मला वाटलं, योजना अंगी लागली. बायांना आता आपलं मोल कळतंय.

आठवड्यातून एकदा मी काचेपलीकडून लाइन बघायला जात असे. आत जायचं तर टोपी, मास्क, पायघोळ गाउन, सगळं चढवावं लागे. बायाही तशाच. अठरा टोप्या, अठरा मास्क, डोळे तेवढे उघडे. मी डोकी मोजायची. अठरा भरली की पुढच्या लाइनकडे जायची.

चोवीस मार्चला दुपारी वॉचमननं एका माणसाला माझ्याकडे पाठवलं. धोतर-सदरा, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद. बस म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, "मी दत्तू ऐवळे. मालनचा मालक. डाक्टरनी ईएसआयच्या, म्हंजी इम्याच्या कागदावर कंपनीची सही आनाय सांगितलीया. बायका नगं म्हनत हुत्या हापिसात जायाला, पर डाक्टर आयकंना झालाय."

"डॉक्टर? कशासाठी?"

"छातीतली झडप खराब झालीया म्हनं. धा तारखेपास्नं मिरजेला दवाखान्यात हाय ती. आपरेशन सांगितलंय."

मला आधी वाटलं, हा माणूस भलत्याच कारखान्यात आलाय. मी म्हणाले, "अहो, काहीतरी घोटाळा होतोय. मालन आज कामावर आहे. सकाळीच मी बघितलंय तिला." दत्तूचा चेहरा उतरला. आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि माझ्या मात्र अजून आलं नव्हतं. तो कागदांची पिशवी छातीशी धरून दाराकडे बघू लागला. मी बेल मारली आणि शिपायाला सांगितलं, तीन नंबरमधून मालन ऐवळेला बोलाव, लगेच.

तीच बाई आली. तोच रापलेला चेहरा, तेच भरलेले दंड. दत्तूला बघताच तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जसा थोरल्या दिरासमोर ओढतात तसा.

"तू मालन नाहीस," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काही गंमतच केली. "तुमाला तर ठावंच हाय की, मॅडम. मी रखमा. तिची धाकली जाऊ."

दत्तू पुटपुटला की मॅडमना काही माहीत नाही, तू आपलं तोंड बंद ठेव. पण रखमा थांबणारी नव्हती. एवढे दिवस मनात ठेवलेलं तिला आता माझ्यासमोर मोकळेपणानं बोलायला मिळत होतं. तिनं सांगितलं ते असं. फेब्रुवारीच्या शेवटी मालनला उठवेनासं झालं. रजा मागितली तर लाइन मोडणार, आणि सुशीलाचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलेलं. मग शमशादनं आणि बायांनी मिळून ठरवलं की मालनच्या कार्डावर रखमानं यायचं. रखमा शेतात मजुरीला जाणारी, हात चलाख, दोन दिवसांत नळ्या जोडायला शिकली. मास्क लावल्यावर कोण बघतंय? गेटवर वॉचमन कार्डाचा नंबर बघतो, आणि कार्डावरचा फोटो सात वर्षांपूर्वीचा, घामानं पुसलेला. पण डॉक्टर म्हणाला, आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागेल. घरात दुसरं बाईमाणूस नाही, रखमाला तिच्यापाशी थांबणं भाग होतं. म्हणजे मालनच्या नावावर आठ दिवसांची रजा हवी.

"शमशादभाबी म्हनाली, जा आन् मॅडमचं पाय धर, समदं खरं सांग. म्हनून आलेली त्या दिशी. दारात हुबी ऱ्हायले. तुमी मान वर केलीसा, माझ्याकडं बघितलंसा आन् म्हनालासा, ये मालन, बस." तिनं पदरानं डोळे टिपले. "म्या काय समजायचं ते समजले. मॅडमनी वळखलंया, आन् सांगत्यात की मालन म्हनूनच बस. मग मी तिचंच दुकनं सांगितलं. तुमी म्हनालासा, येत ऱ्हा, मी हाय. मग म्हातारी मावशी बसवली तिच्यापाशी, आन् मी येत ऱ्हायले. तुमी दिलेल्या गोळ्या तिला रोज एक देतुया."

मी खुर्चीत बसूनच होते. त्या क्षणी तोंड उघडून खरं सांगायला हवं होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण समोरची बाई माझ्याकडे देवाकडे बघावं तशी बघत होती, आणि मला लाज वाटली. साधी, उघडी लाज. मी म्हणाले, "चला, आपण मिरजेला जाऊ."

कंपनीची जीप काढून आम्ही तिघं गेलो. शमशादलाही बरोबर घेतलं. वाटेत मी दत्तूचे कागद वाचत होते. मालनचा आजार विम्याच्या लांब आजारांच्या यादीत बसणारा होता. तिला महिनोन्महिने रजा मिळाली असती, घरी बसून पगाराचा मोठा भाग मिळाला असता, ऑपरेशन विम्यातून झालं असतं, नोकरी राहिली असती. ही यादी माझ्या कपाटात होती. ती बायांना समजावून सांगणं, याचंच तर नाव कल्याण. आणि आता त्या फॉर्मवर कंपनीनं लिहून द्यायचं होतं की फलाण्या तारखेपासून ही बाई कामावर नव्हती. माझ्या सहीच्या हजेरीबुकात मालन ऐवळे रोज हजर होती. एकही खाडा नाही. हजेरीबुक खरं धरलं तर तिला काही मिळत नव्हतं, आणि खोटं ठरवलं तर दुसरीला आपल्या नावावर पाठवल्याबद्दल तिची नोकरी जात होती. नोकरी गेली की विमाही गेला, आणि विमा गेला की ऑपरेशन. ऐवळ्यांच्या घरात दुसऱ्या कुठल्या वाटेनं ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं, हे दत्तूच्या सदऱ्याकडे बघूनही कळत होतं.

मालन दोन उशा पाठीला लावून बसवलेली होती. आडवं झालं की जीव घुसमटायचा. चेहरा मेणासारखा, पाय मात्र फुगून चकचकीत झालेले. मी हे सगळं ऐकलेलं होतं. माझ्याच केबिनमध्ये, माझ्याच कानांनी. आम्हाला बघताच तिनं आधी शमशादला विचारलं, "लाइन मोडली न्हाई न्हवं?"

शमशादनं मान हलवली. रखमा पुढं होऊन म्हणाली, "वैनी, ह्याच मॅडम. ह्याच वळखूनबी गप बसल्या." मालननं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाकता येत नव्हतं तरी हात पुढं करून माझ्या हाताला लावला आणि कपाळाला नेला. म्हणाली, "लई उपकार झालं, मॅडम."

मी तिला विम्याचं सांगितलं. रजा आहे, मोठी आहे, हक्काची आहे. ती ऐकत राहिली आणि दमानं, तुटत तुटत म्हणाली, "मग हे आमाला कुनी सांगितलं न्हाई कवा." तक्रार नव्हती त्यात. बाजारात वस्तू होती आणि आपल्याला माहीत नव्हतं, एवढ्याच सुरात ती बोलली. मी डॉक्टरांना भेटले. त्यांनी सांगितलं, जास्त वेळ नाही, पंधरा दिवसांत कागद करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपाध्ये साहेबांपुढं बसले. रात्रभर मी एकच गोष्ट ठरवत होते, की किती खरं सांगायचं. साहेब दुष्ट माणूस नव्हते. कामगारांच्या लग्नांना जायचे, आहेर करायचे. पण शिस्तीला पक्के, आणि कार्डाच्या गैरवापरात त्यांनी पूर्वी दोघांना घरी पाठवलं होतं. मी हजेरीबुक पुढं ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मालन ऐवळे कामावर नाही. ती आजारी आहे. तिच्या जागी तिची जाऊ बदली म्हणून काम करते. माझ्या परवानगीनं."

"तुमच्या परवानगीनं? मग बुकात मालनचं नाव कसं?"

"सहलीसाठी. लाइनची हजेरी मोडू नये म्हणून मी तसं चालू दिलं. चूक माझी आहे. बायांना मी सांगितलं, त्यांनी ऐकलं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लाटकरबाई, तुमच्याच योजनेचे आकडे राखायला तुम्हीच खोटी हजेरी लावलीत?"

"हो."

"मला वाटलं होतं, तुम्ही माणसं ओळखता," ते म्हणाले. मी खाली मान घालून बसले. दहा वर्षांत त्या माणसानं माझ्याविषयी बोललेलं सगळ्यात खरं वाक्य होतं ते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

शिक्षा मला झाली. लेखी ताकीद मिळाली, बढती अडली ती कायमची. बायांवर कारवाई नाही, कारण त्यांनी अधिकाऱ्याचं ऐकलं होतं. मी बसून हजेरीबुकातल्या मालनच्या नावापुढचे सगळे दिवस लाल शाईनं दुरुस्त केले, प्रत्येकावर सही केली, विम्याचा फॉर्म भरला आणि स्वतः सांगलीच्या ऑफिसात नेऊन दिला. रखमाचं नाव बदली कामगारांत लावून घेतलं. कँटीनमधल्या तक्त्यावर तीन नंबर लाइनपुढं सव्वीस लाल टिकल्या चिकटवल्या. पाच दिवसांवर आलेला समुद्र गेला.

हे लाइनला सांगायला मीच गेले. सुशीलाची रिकामी जागा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. आता रखमाला वाळीत टाकतील, उद्या मालन परत आली तर तिला. सुट्टीत सतराजणी समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, तुमची सहल गेली, आणि ती माझ्यामुळं गेली, राग धरायचा तर माझ्यावर धरा.

शमशाद म्हणाली, "रखमा पयल्या दिशी मास्क लावून बसली, तवाच गेली की ती सहल. लबाडीनं दर्या बघून काय करायचा? आमी हजेरी राखत हुतो ती मालनची नोकरी जाऊ ने म्हनून." मग तिनं जोडलं, "आन् तुमचा तक्ता हिरवा ऱ्हावा म्हनून. तुमी एवढं आमच्यासाठी केलंसा." एकीनं डबा उघडला आणि भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला.

झडप बदलली. मे महिन्यात ऑपरेशन झालं, आणि मालन वाचली. हजेरीची योजना साहेबांनी बंद केली नाही. मी एवढंच करून घेतलं की आजारपणाची रजा खाड्यात धरायची नाही. मग आकडे उतरले, ब्याऐंशी-त्र्याऐंशीवर आले, पाहुण्यांना तक्ता दाखवणं थांबलं आणि एका दिवाळीच्या साफसफाईत तो निघाला तो परत लागला नाही. मी नोकरी करत राहिले. सकाळी उठून जायचं, कागदी घोडे नाचवायचे, संध्याकाळी सासूबाईंची पाठ चोळायची. एवढाच फरक पडला की मी रोज शिफ्ट भरताना मास्क चढायच्या आधी गेटपाशी उभी राहू लागले. पहिले काही महिने नावं चुकायची. बाया हसायच्या आणि दुरुस्त करायच्या.

सव्वा वर्षानं मालन कामावर परत आली. डॉक्टरांनी हलकं काम लिहून दिलं होतं, लेबलं लावण्याचं. रुजू होण्याचा कागद घेऊन ती माझ्या केबिनमध्ये आली. अंगानं भरली होती, चालताना मध्येच थांबत नव्हती. बस म्हटल्यावर नीट मागं टेकून बसली. मी कागदावर सही केली, पण तिच्याकडे सरकवला नाही. सव्वा वर्ष जे पोटात होतं ते आता हिला तरी सांगायचं, असं मी ठरवून ठेवलं होतं.

"मालन, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी रखमा इथं आली होती ना, तेव्हा मी तिला ओळखलं नव्हतं. मला खरोखरच ती तू वाटलीस."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोन सांगनार? सात वर्सं मी रोज तुमच्या म्होरनं जायाची, मॅडम. एकदाबी तुमी मला मालन म्हनून हाक मारली न्हाईसा. आन् रखमी म्हनाली, मॅडमनी दारातच वळखलं, ये मालन म्हनाल्या. तवाच समजले मी. ह्यांना मालन कोन तेच ठावं न्हाई."

ती हे रागानं बोलली असती तर मला सोसलं असतं. ती अगदी शांतपणे, माझीच समजूत काढावी तशी बोलत होती. मी विचारलं, मग दवाखान्यात माझ्या हाताला लावलेला हात कपाळाला का नेलास.

"रखमी शेजारीच हुबी हुती की," मालन म्हणाली. "कामावर जाताना रोज कापायची ती. पकडतील, पोलिसात देतील म्हनायची. तुमी वळखूनबी जागा दिली, म्हनल्यावर तिचं भ्या मोडलं. आजबी गल्लीत सांगत असती." तिनं कागद स्वतःच ओढून घेतला आणि घडी घालून पिशवीत ठेवला. मग उठता उठता म्हणाली, "तिला कवा सांगू नगा, मॅडम. रोजगारावर जल्म गेला तिचा, मुकादमबी तिला ए बाई म्हनूनच हाक मारतुया. तिला वाटतंय, आयुष्यात एकदा तरी एका शिकल्यासवरल्या मानसानं आपल्याला बघितल्या-बघितल्या वळखलं."

मी म्हटलं, नाही सांगणार.